नाल्यात मारलेली पावडर

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. जोडाक्षर आलं की हात अडखळतो, ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नये. माहेरी, राहू गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, मग धाकटी भावंडं सांभाळायला घरी राहिले. हे कागद कधी माझ्या मुलीच्या हाती पडलेच तर तिनं अक्षर बघून नाक मुरडू नये, एवढी माफी आधीच मागते. बाकी कशाची माफी मागायची नाही, असं ठरवून लिहायला बसले आहे.

मला बोलता येत नाही. मुकी नाही, पण चार माणसं समोर आली की आवाज घशाखाली राहतो आणि पदर तोंडावर जातो. लहानपणी हा गुण वाटायचा. लग्न करून दौंडला आले तेव्हा सासूबाई शेजारणींना सांगायच्या, पोरगी तोंडाची गरीब आहे. त्या गरिबीचं पुढं काय झालं ते आता लिहिते.

आमचे हे मालधक्क्यावर हमाली करायचे. कंबर गेली तेव्हा ते घरी बसले आणि मी नगरपालिकेच्या सफाईत रोजंदारीवर लागले. आमची वस्ती नाल्याच्या कडेला. अर्ध्या गावाचे संडास, मोऱ्या, दवाखान्याचं पाणी, सगळं त्या नाल्यात यायचं आणि रस्त्याच्या मोरीखालून भीमेला मिळायचं. नळाचा पाइप त्याच मोरीखालून आडवा गेलेला. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. पाइप रिकामा असला की त्याच्या गंजक्या सांध्यातून आजूबाजूची घाण आत ओढली जाते, हे मला पुढं कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की पहिल्या दोन घागरी ओतून द्यायच्या.

त्या वर्षी दिवाळीनंतर वस्तीत कावीळ आली. आधी रेल्वेतल्या एकाला, मग पिठाच्या गिरणीवाल्याला. लोक कासुर्डीला एकाकडं जाऊन नाकात औषधाचे थेंब घालून यायचे. कुणी दवाखान्यात नाव लावत नव्हतं. अशातच पुण्याहून एक डॉक्टरीणबाई आल्या. प्रयोगशाळेतल्या होत्या. त्यांना नाल्याचं पाणी हवं होतं.

मुकादम आप्पांना वाटलं थट्टा आहे. आमचे हे तर घरी मोठ्यानं हसले. म्हणाले, "मॅडमला सांग, आमच्या दारात हवं तेवढं हाय. टँकर घिऊन या म्हणावं, पावती बी नगं."

मॅडमनं आम्हा बायकांना मोरीवर उभं करून समजावलं. कावीळ झालेल्या माणसाच्या पोटातून रोगाचे विषाणू संडासावाटे बाहेर पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, साध्या दुर्बिणीतही दिसत नाहीत. माणूस दवाखान्यात जायच्या आधीपासून ते गटारात असतात. तेव्हा नाल्याचं पाणी तपासत राहिलं तर गावात रोग किती आहे ते कळतं. "माणूस आजार लपवतो," त्या म्हणाल्या, "गटार लपवत नाही." मला ते वाक्य फार आवडलं होतं. घरी येऊन मुलीला पत्रातही लिहिलं होतं.

पाणी काढायचं काम माझ्याकडं आलं, कारण मॅडमबरोबर आलेल्या शिपायानं नाल्याकडं तोंडच केलं नाही. काम अवघड नव्हतं. सकाळी गावाचे संडास चालू असतात तेव्हा धार मोठी असते, तेव्हाच काढायचं. दोरीची बादली मधल्या धारेत सोडायची, वरचा फेस घ्यायचा नाही. कॅन त्याच पाण्यानं एकदा विसळायचा, मग भरायचा, आणि सरबतवाल्याकडच्या बर्फात घालून डबा बंद करायचा. मॅडम डबा गाडीत ठेवून पुण्याला न्यायच्या. माझे वीस रुपये तिथल्या तिथं हातावर ठेवायच्या. मुकादमाच्या हातून नाही, स्वतःच्या. याचं मला बरं वाटायचं.

बर्फ तयार ठेवायचा म्हणून मॅडम आदल्या दिवशी ऑफिसात फोन करायच्या. फोन आला की आप्पा ओरडायचे, "उद्या पुन्याच्या मॅडम हायेत रे. पावडर मारा."

पावडर काय असते ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. कलेक्टर येवोत, आमदार येवोत, गटारीच्या दोन्ही कडांनी पांढऱ्या रेघा उठतात. रेघा दिसल्या की पोरंसुद्धा म्हणतात, आज कोणतरी येणार. पण मॅडम नाल्यावरच उभ्या राहणार होत्या. नुसत्या कडेच्या रेघांनी भागण्यासारखं नव्हतं.

"आरं, कडंला काय रांगुळी काढतूयास," आप्पा म्हणायचे. "आख्खी गोन वत मोरीच्या वरल्या अंगाला. निदान वास तर मरंल. बाईमाणूस हाय, नाकाला रुमाल लावून पुन्याला जाऊन सांगंल, दौंड घान हाय म्हनून."

मग मॅडमची गाडी यायच्या आधी दोन माणसं ब्लीचिंग पावडरीची गोण नाल्यात रिकामी करायची. पाणी दुधासारखं व्हायचं, मग हळूहळू निवळायचं. मी बादली घेऊन शेजारी उभी असायची. माझे डोळे चुरचुरायचे. मॅडम एकदा गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाल्या होत्या, "आज वास कमी आहे हं."

"सोच्छता ठिवतो मॅडम आमी," आप्पा म्हणाले.

मॅडम हसल्या. त्यांना काही वेगळं वाटलं नसणार. त्या ज्या गावात जात तिथं त्यांच्या आधी पावडर पोचत असणार. गावं अशीच असतात, थोडी पांढरी, थोडी औषधाच्या वासाची, असंच त्यांना वाटत असेल. आणि मला वाटायचं, एवढ्या शिकलेल्या बाई, त्यांना पावडर दिसत नाही का? दिसत असूनही चालत असेल म्हणूनच बोलत नसतील. मी कोण सांगणारी?

माझी मुलगी शिरूरला दिलेली. जावई शिक्रापूरकडच्या कारखान्यात जायचा, घर शिरूरला, सासू-सासऱ्यांबरोबर. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात तिला आणायचं ठरलं होतं, आणि वस्तीत कावीळ. आणू की नको, हा एकच किडा माझ्या डोक्यात दिवसरात्र वळवळत होता. विहीणबाईंनी निरोप धाडला होता, "तुमच्या गावात पिवळी साथ हाय म्हनत्यात. पोरीला हितंच ठिवती, बाळंतपन मीच करती." त्यात काळजी होती की टोमणा, मला उमगलं नाही. शेजारणींना मात्र लगेच उमगलं. "आई जित्ती असताना पोरगी सासरी बाळंत व्हनार व्हय?" असं माझ्या तोंडावर म्हणाल्या.

मी ठरवलं, मॅडमना विचारायचं. जे नाल्यात शोधतात त्यांना गावाचं कळणारच. त्या दिवशी डबा गाडीत ठेवला, वीस रुपये घेतले आणि तशीच उभी राहिले. मॅडमनं दार लावून घेतलं. गाडी चालू झाली तेव्हा काचेवर हात मारला. एवढं धाडस त्याआधी कधी केलं नव्हतं.

"काय हो?" मॅडमनं काच खाली केली.

"पोरगी आनायचीय. गरवार हाय. पानी बरं हाय का?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाल्या, "गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट असते, विचारलंत ते बरं केलंत. पण आतापर्यंतच्या एकाही नमुन्यात काही मिळालेलं नाही. साथ ओसरलेली दिसते. तरी पाणी उकळून द्या."

मी रस्त्यातच हात जोडले. पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या फळ्यावरही लागलं की तपासणीत दौंडच्या नाल्यात काविळीचा विषाणू आढळला नाही, लोकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. पाइप बदलायचं जे बोलणं चाललं होतं ते त्या फळ्याबरोबर थांबलं. आप्पांचं नाव मीटिंगमध्ये घेतलं म्हणे. त्यांनी आम्हाला पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

मुलीला आणायला मी आणि हे दोघं गेलो. विहीणबाई दारात म्हणाल्या, "नेताय तर न्या, पर आमची अमानत हाय, जपा." मी मान डोलावली. चौफुल्याला गाडी बदलली. मुलगी खिडकीशी बसून भाजलेल्या शेंगा खात होती, टरफलं बाहेर टाकत होती, आणि दौंड जवळ आलं तसं लहानपणीसारखी रूळ बघायला वाकत होती.

तिला प्यायला मी पाणी उकळूनच देत होते. रॉकेल रेशनचं, पण दिलं. मग शेजारणींनी डोहाळजेवण मांडलं. वस्तीत तसा आनंद फार दिवसांनी होता. फुलांचे दागिने केले, पाळणा केला, पंचवीस-तीस बाया जमल्या. सरबत मोठ्या पिंपात केलं. पाणी नळाचं, बर्फ बाजाराचा, तोही नळाच्याच पाण्याचा. मुलीला पहिला पेला दिला. मी तिथंच उभी होते. हात पुढं केला असता तर बाया म्हणाल्या असत्या, आमच्या हातचं चालत नाही का? आणि ऑफिसच्या फळ्यावर तर लिहिलेलंच होतं. मुलीनं पेला संपवून ओठ पुसले आणि दुसरा मागितला.

महिनाभरानं तिला अन्नाचा वास नकोसा झाला. दिवस भरत आल्यात म्हणून असेल, असं बाया म्हणाल्या. एके दिवशी सकाळी ती अंगणात दात घासत होती. ऊन तिच्या तोंडावर होतं. डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं दिसलं.

कासुर्डीला न्या, म्हणून वस्ती लागली मागं. मी ऐकलं नाही. मॅडमनं "फार वाईट असते" म्हटलेलं माझ्या कानात होतं. दौंडच्या दवाखान्यानं तिला तपासून लगेच पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात धाडलं. तिथं दुसऱ्या दिवशी ती बरळू लागली, मग हाक मारली तरी डोळे उघडेना. बाळ पोटातच गेलं. मुलगा होता. ते त्यांनी मला दाखवलं, तिला दाखवायला ती शुद्धीत नव्हती. इंजेक्शनं बाहेरून आणावी लागत होती, रक्त लागत होतं. आमच्याकडं होतं नव्हतं ते पहिल्या दोन दिवसांत संपलं. पुढचा सगळा पैसा विहीणबाईंनी आणला, स्वतःच्या पाटल्या मोडून. हे मी कधी नाकारलं नाही. त्या पैशानं माझी मुलगी जगली.

ती शुद्धीवर आली त्याच सुमाराला मॅडम वॉर्डात आल्या. काविळीच्या बायांचं रक्त तपासायला घेत होत्या. मला बघून थबकल्या. खाटेवर मुलगी, पिवळी, पोट रिकामं. त्यांना विचारायची गरज पडली नाही. बराच वेळ त्या केसपेपर वाचत राहिल्या.

"दौंडहून अजून दोघी आल्यात," त्या म्हणाल्या. "आणि नाल्यात काहीच मिळत नाही. असं कसं होईल? तुम्ही पाणी नेहमीच्याच जागी घेता ना?"

"व्हय."

"त्यात काही पडतं का? कारखान्याचं, औषध वगैरे?"

"पावडर," मी म्हटलं.

"कसली पावडर?"

"गटारीला मारत्यात ती. गोन वततात."

"कधी?"

"तुमी येनार असला की."

मॅडमचा चेहरा आधी कळेना, मग कळला. "अहो, त्या पावडरनं विषाणू मरतात! आम्हाला मग सापडणार काय? हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया बघू लागल्या. विहीणबाई पायाशी उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. मला काही बोलता आलं नाही. आज लिहिता येतं म्हणून लिहिते. तुम्ही विचारलं नाहीत. पावडर कशानं काय मारते हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, तुम्हीही शिकवलं नाहीत. दोरी किती सोडायची ते शिकवलंत. वास कमी आहे म्हणून हसलात. पाच पावलांवर उभ्या होतात तुम्ही, तुमच्या नाकाला जे कळलं नाही ते माझ्या तोंडानं का सांगायचं होतं?

पण त्या वाईट बाई नव्हत्या. पुढच्या खेपेला त्या फोन न करता दौंडला आल्या, बर्फ पुण्याहूनच घेऊन, आणि स्वतः बादली सोडली. त्या पाण्यात विषाणू निघाला. भरपूर निघाला म्हणे. मग धावपळ झाली, टँकर आले, आणि उन्हाळ्यात मोरीखालचा पाइप बदलला. फळ्यावरचा जुना कागद कुणी काढला नव्हता. पावसापर्यंत तो तसाच लटकत होता.

मी कामावर परत गेले तेव्हा आप्पा खुर्चीत बसूनच म्हणाले, "ये, ये. वकिलीणबाई आल्या. मॅडमसमोर त्वांड कशाला उघाडलंस?"

"त्यांनी इचारलं."

"आजवर गप हुतीस, तवा काय झालं हुतं? आताच कंठ फुटला व्हय?" मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "बाय, आमी काय इख वतलं? सोच्छताच केली ना? आता तूच सांग, साहेब लोक यायचं आन् आमी गटार तसंच दाखवायचं?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. ते बघून मला जास्त राग आला. लबाड माणसावर थुंकता तरी येतं. त्या महिन्यापासून माझं नाव रोजंदारीत लागलं नाही.

मुलगी दवाखान्यातून थेट शिरूरला गेली. विहीणबाईंनी दवाखान्याच्या दारातच सांगून टाकलं, "विहीणबाई, राग मानू नगा. पयलं बाळंतपन माहेरचं, खर्चबी माहेरचा. आमी म्हनलं हुतं हितं ठिवती, तुमी नेली. आमचा नातू गेला, त्येचं काय मागत न्हाई. पर माज्या पाटल्यांचं पैसं फिटंस्तोवर पोरगी त्या गावात पाय ठिवायची न्हाई."

जावई खाली बघत उभा होता. मुलगी ॲम्ब्युलन्सच्या फळीवर बसली होती, ओठ फाटलेले. ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तीही माझीच मुलगी, तोंडाची गरीब.

त्यानंतर मी राहूच्या बाजूला गुऱ्हाळावर जाऊ लागले. माहेरच्या ओळखीनं काम मिळालं. उसाच्या चिपाडाचे भारे वाळवायचे, चुलवणापर्यंत वाहायचे, गुळाच्या ढेपा पोत्यात भरायच्या. तिथले कामगार उत्तरेकडचे, हिंदी बोलायचे, आणि मी बोलावं अशी अपेक्षा करायचे नाहीत, ते बरं होतं. उकळत्या रसाच्या काहिलीच्या वाफेनं हातांची सालं निघायची. शनिवारी पगार झाला की त्यातला भाग बाजूला पडायचा. हे घरी बसून टायरच्या चपलांचे पट्टे शिवायला शिकले, त्यातलेही घालायचे. "नातू न पाहता त्येचं बारसं फेडतूय बघ आपून," असं एकदा म्हणाले, आणि मग आम्ही दोघंही जेवलो नाही.

चार-पाच महिन्यांनी एकदा मी शिरूरला जाऊन पैसे देऊन यायची. विहीणबाई चहा द्यायच्या, घासूनपुसून ठेवलेल्या कपबशीत. कधी उणं बोलल्या नाहीत, पण नोटा माझ्यासमोर मोजायच्या. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. आमचं बोलणं एवढंच. बरी हायेस ना? बरी हाय. पुढं तिला पुन्हा दिवस गेले, सासरीच मुलगी झाली, बाळंतपण विहीणबाईंनी केलं. मला कळवलं ते बाराव्या दिवसानंतर. गुऱ्हाळावर त्या दिवशी मी गूळ वाटला. कशाचा म्हणून कुणी विचारलं नाही.

अशी वर्षं गेली. रांजणगावला मोठमोठे कारखाने उभे राहिले, शिरूरच्या रस्त्यावर ट्रक मावेनासे झाले, जावयानं मोटारसायकल घेतली. दौंडच्या नाल्यावर स्लॅब पडला. साहेब येणार असले की पावडर अजून मारतात, स्लॅबवर मारतात.

गेल्या महिन्यात शेवटचे पैसे घेऊन गेले. या वेळी हेही आले, कंबर धरत. विहीणबाईंना बरं वाटलेलं दिसलं. त्याही आता म्हाताऱ्या झाल्यात. म्हणाल्या, "लई ताटकळलात. घिऊन जा पोरीला चार दिस. नातीलाबी दाखवा तुमचा गाव."

मी मुलीकडं बघितलं. मी घरात नवी चटई घेऊन ठेवली होती. उकळलेल्या पाण्याचा हंडा झाकून ठेवून आले होते, शेजारणीला सांगून, त्याला कुणी हात लावू नये म्हणून.

मुलगी म्हणाली, "मी न्हाई येत, आई."

"दोन दिस तरी," हे म्हणाले.

"न्हाई बाबा. तुमी या की हितं, कितीबी दिस ऱ्हावा. मी तिथं न्हाई यायची. पोरीला तर न्यायचीच न्हाई." तिचा आवाज वर गेला नव्हता. नातीचा हात धरून ती आत गेली. आतून डबा उघडल्याचा, मग पोळपाट मांडल्याचा आवाज आला.

विहीणबाईंनी नोटा हातात घेतल्या आणि मोजायला लागल्या. एक नोट मधोमध फाटलेली निघाली. ह्यांनी खिशातली चांगली काढून दिली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं, रबर लावलं आणि म्हणाल्या, "झालं. फिटलं समदं."